कुंचीवरचा कुलचा

केशरला राग यायला कारण लागत नाही, असं सुंदरराव चारचौघांत सांगत. कारण दर वेळी ते स्वतःच पुरवतात, ही बारीकशी गोष्ट त्यांच्या ध्यानात यायची राहून जाई. ठाण्याचा पेशकार, म्हणजे कागद पेश करणारा कारकून माणूस. सगळा दिवस कचेरीत दुसऱ्यांच्या चुका हुडकण्यात जायचा. घरी येईपर्यंत नजर थकलेली असायची.

त्या दिवशी केशर पाय लांब करून बसली होती आणि पायांवर पालथं घालून गैनूला न्हाऊ घालत होती. गैनू म्हणजे गहिनीनाथ. नाव एवढं मोठं, अंग मूठभर, आणि पाठीवर पाणी पडलं की आवाज थेट चावडीपर्यंत. तेवढ्यात सुंदरराव दारातूनच म्हणाले, "अगं, ऐकलंस का? सरकारी काम आपल्या घरात आलंय."

"मग घरातलं काम कचेरीत घेऊन जा," केशर म्हणाली. "धरा ह्याला. डोळ्यात डाळीचं पीठ गेलंय."

सुंदररावांनी धरलं नाही. सरकारी कामाचा माणूस ओल्या पोराला हात लावत नसतो.

काम असं होतं. चिंचठाणच्या ठाण्यात शिपाई पुष्कळ, पण पोशाख एकसारखा कुणाचाच नाही. एकाचं मुंडासं लाल, दुसऱ्याचं कळकट, तिसऱ्याचं बायकोच्या जुन्या लुगड्याचं. मागं उमापूरच्या बाजारात ठाण्याच्याच दोघा शिपायांनी एकमेकांना चोर समजून धरलं आणि दोघंही शाबासकी घ्यायला ठाण्यात हजर झाले. तिकडं जर्मनची लढाई चाललेली, हैदराबादचे स्वार दर्यापार गेलेले, आणि इकडं ही तऱ्हा. जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांना ते फार लागलं. त्यांनी हुकूम काढला, की प्रत्येक ठाण्यानं मुंडाशावर लावायच्या निशाणाचा नमुना करावा. जमीन पिवळी असावी, मधोमध सरकारचा कुलचा असावा, आणि भोवती आपल्या इलाख्याची शान दिसेल अशी चिन्हं ज्या त्या ठाण्यानं ठरवावीत. साहेबांचा दौरा येईल त्या दिवशी नमुना डोक्यावर दिसला पाहिजे.

"मग त्यात आपल्या घराचा काय संबंध?" केशरनं विचारलं.

"पिवळं रेशीम लागतंय. अस्सल. पैठणहून आणावं तर गोदावरी उतरून माणूस परत येईस्तोवर दौरा होऊन जाईल. अमीनसाहेब लई काळजीत होते. मी म्हणलं, हुजूर, फिकीर कावून करता? आमच्या घरी हाय."

केशरचा हात गैनूच्या पाठीवरच थांबला. घरात पिवळं रेशीम एकच होतं.

तिच्या आईनं अंबाजोगाईहून बाळंतविड्यात कुंची पाठवली होती. हळदीच्या रंगाची, आत मऊ मलमलचं अस्तर, टोपीला बारीक झालर, आणि मागं पाठ झाकेल एवढा लांब घोळ. आईला आता सुईच्या नेढ्यात दोरा दिसत नव्हता. ही कुंची शिवता शिवताच दिसेनासा झाला. म्हणजे दुसरी होणार नव्हती. गैनूचं जावळ लिंबागणेशला काढायचं ठरलं होतं, आणि त्या दिवशी ही कुंची घालून त्याला गणपतीसमोर न्यायचं, म्हणून केशरनं ती एकदाच घालून बघितली होती. कुंचीत त्याचं तोंड फुलातल्या भुंग्यासारखं दिसलं होतं. मग तिनं ती घडी करून ठेवली, आणि रोज एकदा पेटी उघडून नुसता हात फिरवायची.

"तळहाताएवढाच तुकडा," सुंदरराव म्हणाले. "मागच्या घोळातला. कुणाला दिसतंय? आणि कशिदाबी आमच्याच घरी होतो, असं सांगून आलोय."

केशर पुढं जे बोलली ते सगळं इथं घालण्यासारखं नाही. एवढं सांगितलं तरी पुरे, की गैनू रडायचा थांबून ऐकायला लागला. शेवटी अमीनसाहेबांना, म्हणजे ठाण्याच्या मुख्य अंमलदाराला, दिलेला शब्द मोडला तर पेशकारी धोक्यात, हे तिलाही कळत होतं. तेव्हा तिनं तोड काढली.

"सुई लावीन. कुंची हाय तशी ठेवून घोळावर कशिदा काढीन. पण कात्री लावू देणार न्हाई."

"बरं, बरं. कात्रीचं मग बघू."

'मग बघू' हे दोन शब्द फार मोठे आहेत. त्यांच्या आधारावर सगळी कचेरी उभी असते. केशरनं त्याच दुपारी घरातली कात्री उचलली आणि शेजारच्या रहेमतबीच्या पिठाच्या डब्यात खोल पुरून टाकली.

आता प्रश्न कुलच्याचा. सरकारच्या निशाणावर कुलचा का, हे चिंचठाणात सगळ्यांना पाठ होतं: पहिल्या निजामाला म्हणे एका फकिरानं भुकेच्या वेळी कुलचे वाढले आणि वर राज्याचा आशीर्वाद दिला. पण कुलचा दिसतो कसा, हे जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेल्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. अमीनसाहेबांना विचारलं. त्यांचं पोट कायम बिघडलेलं, खाण्याचा विषय काढला की ते चिडत. "गोल होता है," ते म्हणाले. "और क्या होता है? गोल!"

रहेमतबी म्हणजे ठाण्याच्या नबी जमादाराची बायको. तिला दया आली. "केशर, कुलचा म्हंजे भाकर न्हाई गं. मऊ आस्तो. मेरी खाला के घर शादी में खाई थी मैं." तिनं कुठून तरी मैदा पैदा केला, तव्यावर एक कुलचा भाजला आणि केशरच्या ओसरीवर फडक्यात ठेवून गेली. चित्र काढायला आप्पा येणार होता. आप्पा पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचा, एरवी गाड्यांचे साटे. गावातला कलावंत तोच.

आप्पा यायच्या आधी गैनू रांगत तिथं पोचला. त्याला वरचे दोन दात नुकतेच आले होते आणि त्या दातांचं करायचं काय, हे तो सगळीकडं हुडकत होता. केशर आतून ताक घेऊन आली तेव्हा आप्पाचं चित्र काढून झालं होतं आणि तो वाट धरून चालायलाही लागला होता. कागद थेट कचेरीत गेला. तिथं सगळ्यांनी बघितलं, की कुलच्याच्या उजव्या कडेला चंद्रकोरीएवढा घास नाहीये.

विचारायचं कुणी? विचारणारा अडाणी ठरणार. बराच वेळ सगळे मान डोलवत राहिले. मग अर्जुनराव पाटलांनी मिशीवर हात फिरवून सांगितलं, "हा घास म्हंजी सरकारनं रयतेला भरवलेला. त्येच्यात लई अर्थ हाय." सुंदररावांनी ते लगेच टिपून घेतलं. अमीनसाहेबांनी पोट धरून सही ठोकली.

संध्याकाळी केशरनं कागद बघितला आणि तिचा आवाज चढला. "अहो, हे गैनूचे दात हायत!"

"आता मंजूर झालं."

"उष्टा कुलचा काढू मी? सरकारचा?"

"हळू बोल," सुंदरराव खिडकी लावत म्हणाले. "त्येचा अर्थ लागलाय आता."

अर्थ लागण्याची ही साथ मग गावभर पसरली. अमीनसाहेबांना सिंह पाहिजे झाला. आप्पा म्हणाला, "दाखवा, काढतो. मनाचं काय घालत न्हाई मी." सिंह कुठला दाखवायचा? पाटलांच्या घरचं बोकेमांजर धरून आणलं आणि ह्याला आयाळ लाव असं सांगितलं. आयाळ कशी असते हे विचारल्यावर सगळ्यांनी पाटलांच्या गालांकडं बोट दाखवलं. तसा सिंह झाला. मग अमीनसाहेबांना सुचलं, की शेराचं तोंड कायम हुजुरांकडं, म्हणजे हैदराबादच्या दिशेला असायला हवं. नबी जमादाराच्या कपाळावर कागद धरून त्याला कचेरीच्या अंगणात चालवून बघितलं. जाताना ठीक होतं. परत फिरला की सिंह औरंगाबादकडं तोंड करायचा.

"बेअदबी!" अमीनसाहेब ओरडले.

"मी आता पाठमोरा चालत घरी जाऊ का?" नबीनं विचारलं. तो साधा माणूस. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

उपाय निघाला: सिंह दोन, पाठीला पाठ लावून. माणूस कसाही वळला तरी एकाचं तोंड हुजुरांकडं. दोघांच्या शेपट्या मधे एकमेकींत अडकल्या, तेव्हा आप्पानं त्यांची गाठ मारली. ही गाठ म्हणजे हिंदू-मुसलमान रयतेची एकी, असा अर्थ तिथल्या तिथं निघाला. अर्जुनरावांना आपला सर्जा बैल हवा होता, कारण इलाख्याची शान दुसरी कुठली? अमीनसाहेबांना दोन तलवारी. आणि सगळ्यात शेवटी, लाजत, सुंदररावांनी सुचवलं, "खाली एक कलम घातली तर? कलमेबिगर कायबी हलत न्हाई."

प्रत्येक नवीन चिन्ह येई ते केशरच्या ओसरीवर. मंडळी ताक पीत, पायरीवर पानाची पिचकारी टाकत आणि निशाण कसं मोठं करायचं ते ठरवत. तळहाताएवढा तुकडा आता गैनूच्या मानेपासून पायापर्यंत पोचला होता. कलाबतू, म्हणजे जरीचा दोरा, अमीनसाहेबांनी आपल्या जुन्या शेरवानीची उसवून पाठवली. बाकी रेशीम केशरनं आपल्या चोळ्यांच्या काठांतून काढलं. दुपारी गैनू झोपला की पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी बांधून ती टाके घालायची. एक टाका सिंहाला, एक झोका गैनूला. त्याची झोप सावध. सुई रेशमात गेल्याचा आवाजही त्याला कळायचा बहुतेक. डोळे मिटलेले असतानाच ओठ हलवायचा. मग ती अर्धा सिंह सोडून त्याला जवळ घ्यायची, आणि तो दूध पिता पिता एका हातानं बैलाचं शिंग उसवायचा.

"ह्ये बघ केशर," अर्जुनराव एकदा वाकून म्हणाले, "सर्ज्याचं वशिंड बारीक झालं. माझा बैल उपाशी दिसतोय."

"कावून दिसणार न्हाई?" केशर म्हणाली. "सगळं ताक तुमीच पिता."

पाटलांनी हसण्यावारी नेलं. पण सुंदररावांच्या मानी मनाला ते लागलं आणि ते दोन दिवस बायकोशी बोलले नाहीत. ते दोन दिवस केशरचं काम भराभर झालं.

दौऱ्याच्या आदल्या दिवशी कात्रीचं 'मग' उगवलं. सुंदरराव घरभर शोधत फिरले. घरात कात्री नव्हती. रहेमतबीकडं मागितली; तिची हरवली होती. आळीतल्या एकाही घरात कात्री सापडेना. बायकांच्या हातच्या कात्र्या अशा एकदम कशा हरवतात, हे पुरुषांना कधीच समजत नाही. विळीनं कापायचा विचार त्यांनी केला, पण केशर पाटावर बसून त्याच विळीवर कांदा चिरत होती आणि तिची नजर कांद्यावर नव्हती.

म्हणून दौऱ्याच्या दिवशी नबी जमादार अख्खी कुंची घालून उभा राहिला. कुंची मुंडाशावर बसवली होती, निशाण समोर दिसावं म्हणून घोळ मागं न सोडता कपाळावरून पुढं घेतला होता, आणि सुटू नये म्हणून बंद हनुवटीखाली, दाढीत, फुलासारखे बांधले होते. घोळातून फक्त नबीच्या मिशा बाहेर होत्या. कचेरीच्या अंगणाच्या भिंतीआड बायका उभ्या होत्या. रहेमतबीनं पदर तोंडात कोंबला. केशर मात्र हसली नाही. दाढीच्या तेलाचा डाग अस्तराला लागेल, एवढंच तिला दिसत होतं.

तालुकदारसाहेब समोर आले. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"अंदर कोई है?"

"मैं हूँ हुजूर," मिशा म्हणाल्या.

साहेब शांत, शिकलेले. कुलचा दिसताच आधी त्यांनी टाचा जुळवून सलाम केला. चिन्ह कसंही काढलेलं असो, मान चिन्हाला. त्यांनी केल्यावर सगळ्या ठाण्यानं केला. मग त्यांनी जवळ वाकून बघितलं.

"ये कुलचा किसने काटा?"

अर्जुनराव पुढं झाले. "हुजूर, रयतेनं."

"रय्यत ने? सरकार का कुलचा?"

आता 'भरवला' आणि 'चावला' ह्यांत फरक आहे, हे पाटलांना फार उशिरा समजलं. त्यांनी सुंदररावांकडं बोट दाखवलं. सुंदररावांनी आप्पाकडं. आप्पा म्हणाला, "दिसलं ते काढलं." मग साहेबांनी दोन मांजरांच्या शेपट्या कुणी बांधल्या ते विचारलं, सिंहांना कल्ले का आहेत ते विचारलं, आणि बैल इतका हडकुळा का म्हणून इलाख्यात चाऱ्याची चौकशी सुरू केली. अर्जुनराव घामानं भिजले. कलमेवर बोट ठेवल्यावर तर सुंदररावांनी, ही कुणी घातली मला ठाऊक नाही, असं सांगून टाकलं.

साहेबांनी निकाल दिला: हैदराबादहून पितळी बिल्ले मागवले जातील. हा नमुना दाखल दफ्तर करावा. आणि ते आमराईतल्या आपल्या डेऱ्याकडं निघून गेले.

"दाखल दफ्तर म्हंजे?" घरी आल्यावर केशरनं विचारलं.

सुंदरराव भिंतीकडं बघत म्हणाले, "जुन्या कागदांच्या बस्त्यात बांधून ठेवायचं."

"कुठवर?"

"त्येला कुठवर नसतं. सरकारी माल झाला तो."

"आणि जावळ?"

"दुसरं काय बी घाल की त्येला! लेकराला काय कळतंय?"

केशरनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, गैनूला काखेत मारला आणि उंबरा ओलांडला. चिंचठाणात पेशकाराची बायको भर दिवसा कचेरीची पायरी चढलेली कुणी बघितली नव्हती. वाटेत रहेमतबी काहीही न विचारता मागं झाली. सुंदरराव तर अनवाणीच निघाले, "अगं, लोक बघत्यात, अगं" म्हणत.

कचेरीत कुंची मेजावर पसरली होती. ती अख्खी बस्त्यात मावत नव्हती, म्हणून अमीनसाहेबांनी नाभिकाकडून मोठी कात्री मागवली होती: घोळ कापून ठेवायचा, टोपी फेकून द्यायची. केशर दारात उभी राहिलेली बघून ते गडबडले.

"बाई, अर्जी दो. अर्जी पर गौर होगा."

"माझ्या लेकराच्या कुंचीला अर्ज?" केशरचा आवाज चिरला, पण खाली आला नाही. "बाळंतविड्यात आलीय ती. माझ्या आईचे डोळे गेलेत त्येच्यात. तुमच्या बैलांनी, बोक्यांनी माझी ओसरी घाण केली, ताक संपवलं, दुपारची झोप खाल्ली. मी गप बसले. आता गप बसत न्हाई."

"पेशकार," अमीनसाहेब घाईनं म्हणाले, "काटो इसे. जल्दी."

कात्री सुंदररावांच्या हातात आली. समोर बायको, तिच्या काखेत पोरगं, पलीकडं साहेब. त्यांनी कात्री उघडली. टोपी आणि घोळ जिथं जोडले होते तिथं पातं टेकवलं, आणि तिथंच हात थबकला. चिन्हं वाढता वाढता कुलचा वर सरकत गेला होता. त्याची कड शिवणीच्याही वर चढली होती.

"कापा की," केशर म्हणाली. "सकाळी ज्येला तालुकदारसाहेबांनी टाचा जुळवून सलाम केला, त्येला आता कात्री लावा. साहेब अजून आमराईतच हायत. मी जाते आन् सांगते, चिंचठाणच्या कचेरीत सरकारच्या कुलच्याचे दोन तुकडे केले. कुणी केले इचारलं तर नाव घेऊ का, अमीनसाहेब? तुमचं आधी घेऊ का ह्यांचं?"

सुंदररावांनी कात्री अशी खाली ठेवली, जणू ती तापलेली होती.

"तो... मोड़ के रखो," अमीनसाहेब म्हणाले.

"मोडा. कुलच्याला घडी घाला. वर दोरी आवळा. मग टोच्यानं भोक पाडून कागदांत ओवा, तुमची रीतच हाय. इतके दिवस शेपटीच्या गाठीला अर्थ होता, तर भोकाला बी आसंल!"

अमीनसाहेबांनी पोट धरलं. त्यांना आपली निवृत्ती दिसली असावी. ते मेजाभोवती एक फेरी मारून आले, कुंचीकडं बघितलं, केशरकडं बघायचं टाळलं, आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, की निशाण घडी न घालता, भोक न पाडता, इज्जतीनं ठेवण्यालायक जागा ठाण्यात नाही; सबब ते अमानत, म्हणजे सरकारी ठेव म्हणून बाईंच्या ताब्यात राहील. वापरात असू द्यावं, नाहीतर कसर लागेल.

"लागंल तर लागंल, मी बघीन," म्हणत केशरनं कुंची उचलली. गैनूनं लगेच सर्ज्याचं शिंग तोंडात घेतलं.

लिंबागणेशला निघायच्या दिवशी छकडा ठाण्यासमोरच उभा होता. दाढीच्या तेलाचा डाग तिनं रिठ्यानं काढला होता, सगळा नाही. कुंची घालून गैनूला तिनं खांद्यावर घेतलं. त्याचं तोंड मागं, आणि पाठीवरचा कुलचा, दोन सिंह, बैल, तलवारी, कलम सगळं पुढं, समोरच्याला दिसेल असं. ती फाटकापाशी आली तसा नबी जमादार ताडकन उभा राहिला आणि सलाम ठोकला. त्याच्यामागं सगळे शिपाई. ओसरीवरून अमीनसाहेबांनी केला, आणि तसेच आत गेले.

सुंदरराव छकड्यापाशी नवं धोतर नेसून उभे होते. "चल, बैस," ते म्हणाले. "ऊन व्हईल."

केशर बसली नाही. ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. मागून गैनू रहेमतबीला बघून खिदळत होता, आणि तो खिदळला की सरकारचा चावलेला कुलचा सुंदररावांच्या तोंडासमोर वरखाली व्हायचा.

"काय झालं?"

"तुमी सरकारी नोकर हायत का न्हाईत?"

सुंदररावांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. अर्जुनराव पाटील दारात. आप्पा झाडाखाली. शिपाई अजून सलामीतच, हात खाली करायचा हुकूम कुणी दिला नव्हता. सुंदररावांनी माशी हाकलल्यासारखा हात कपाळापाशी नेला आणि खाली आणला.

"आसा न्हाई," केशर म्हणाली. "टाचा जुळवून."